धनुष्कोडीची गाडी पडद्यावर: उपग्रहांच्या नकाशांतून रेल्वेमार्गांच्या इतिहासाचा शोध

6 एप्रिल 2025 रोजी तामिळनाडूत नव्या पांबन पुलाचे उद्घाटन झाले. मुख्य भूमी आणि रामेश्वरम बेट यांना जोडणाऱ्या या पुलाची लांबी सुमारे 2.08 किलोमीटर असून त्यातील 72.5 मीटरचा एक गाळा जहाजांना वाट देण्यासाठी सरळ वर उचलला जातो. 24 फेब्रुवारी 1914 रोजी खुला झालेला जुना पूल याच खाडीवर, नव्या पुलाला समांतर बांधलेला. डिसेंबर 2022 मध्ये त्यावरील रेल्वे वाहतूक थांबली. एकाच खाडीवर दोन समांतर रेषा दाखवणाऱ्या उपग्रह-प्रतिमा या संधिकाळाच्या आहेत. जुना पूल हटवला गेला, की त्यानंतरच्या अद्ययावत प्रतिमेत एकच रेषा उरेल.

नकाशा अद्ययावत होणे ही प्रवाशासाठी सोयीची गोष्ट. मात्र नकाशे वापरणाऱ्यांचा एक छोटा वर्ग असा आहे, की ज्याला प्रत्येक नव्या प्रतिमेबरोबर काही मिळते आणि काही हातचे जाते. हा वर्ग संगणकावर आभासी रेल्वेमार्ग उभारणाऱ्यांचा.

आभासी रेल्वेमार्ग म्हणजे खऱ्या मार्गाची संगणकीय प्रतिकृती. रूळ, चढ-उतार, वळणे, पूल, बोगदे, स्थानके, सिग्नल हे सारे मूळ प्रमाणात मांडले जाते आणि पडद्यासमोर बसलेली व्यक्ती त्यावरून गाडी चालवते. 2001 साली आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ने या छंदाला जगभर बळ दिले. त्या संचात युरोप, अमेरिका आणि जपानमधील मार्ग होते. भारतातील एकही नव्हता. तेव्हा भारतीय हौशी मंडळींनी आपले मार्ग आपणच बांधायला घेतले. पुढे ‘ओपन रेल्स’ या मुक्त प्रणालीने ती परंपरा चालू ठेवली. भारतीय रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रांतही लोको पायलटांना सिम्युलेटरवर शिकवले जाते. छंद असो वा प्रशिक्षण, मूळ प्रश्न तेच असतात: रूळ नेमका कुठून जातो, किती चढतो आणि किती वळतो? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवण्याच्या साधनांचा इतिहास दोन शतकांहून मोठा आहे.

साखळी, थिओडोलाइट आणि कागद

10 एप्रिल 1802 रोजी विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट परिसरात पायारेषेचे मापन सुरू केले. त्यातून पुढे ‘ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे’ आकाराला आला. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पृथ्वीच्या आकाराचे जे गणिती प्रतिमान 1830 साली मांडले, त्यावर भारताचे नकाशे दीर्घकाळ आधारलेले होते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही 34 किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतर देशभर पसरत गेलेल्या रेल्वेने आपली स्वतंत्र मोजणी केली. प्रत्येक मार्गासाठी दोन प्रकारची रेखाटने तयार होत. एकात मार्ग वरून पाहिल्यासारखा दाखवलेला असे. दुसरे उंचीच्या छेदाचे: कोणत्या मैलावर किती चढ, कुठे भराव, कुठे खोदाई, कुठे पूल, याचा तपशील त्यात भरलेला असे.

सर्व्हे ऑफ इंडियाचे स्थलदर्शक नकाशे आधी एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणात आणि नंतर 1:50,000 या प्रमाणात छापले गेले. 1:50,000 च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील 50 मीटर, आणि दोन समोच्च रेषांतील अंतर साधारणतः 20 मीटर. रेल्वेचा माग काढायला हे नकाशे उत्तम, परंतु रूळ मांडायला अपुरे. शिवाय त्यांतील बरेच नकाशे सुरक्षेच्या कारणास्तव सामान्य नागरिकांच्या हाती येत नसत. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि लोकांसाठी एक अशा दोन मालिका केल्या. 2017 साली लोकांसाठीच्या मालिकेतील नकाशे ‘नक्शे’ या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळू लागले. 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भू-अवकाशीय माहितीवरील बहुतेक पूर्वपरवानग्या काढून टाकल्या. त्यापूर्वीच आकाशातून मात्र बरेच काही दिसू लागले होते.

एका पिक्सेलमध्ये मावलेला पूल

17 मार्च 1988 रोजी बैकानूर येथून भारताचा पहिला कार्यरत दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-1ए अवकाशात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा पिक्सेल जमिनीवरील 72.5 मीटरचा होता. योगायोग असा, की नव्या पांबन पुलाच्या उचलत्या गाळ्याची लांबीही तेवढीच आहे. म्हणजे तो अख्खा गाळा त्या काळच्या प्रतिमेत एका ठिपक्यात मावला असता. शेती, जंगल, पाणी यांच्या अभ्यासासाठी ती प्रतिमा मोलाची होती. रूळ तीत दिसणे शक्य नव्हते.

28 डिसेंबर 1995 रोजी गेलेल्या आयआरएस-1सी या उपग्रहाने 5.8 मीटरपर्यंतचा तपशील दिला. नागरी उपयोगाच्या उपग्रहांत त्या वेळी ती आघाडीची कामगिरी होती. आता रेल्वेचा भराव रेषेसारखा उमटू लागला. 5 मे 2005 रोजी प्रक्षेपित झालेल्या कार्टोसॅट-1 ने 2.5 मीटरचा तपशील तर दिलाच, शिवाय त्यावर दोन कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून बसवलेले होते. माणसाचे दोन डोळे जसे खोली ओळखतात, तसे या दोन प्रतिमांवरून जमिनीची उंची काढता येऊ लागली. 27 नोव्हेंबर 2019 च्या कार्टोसॅट-3 पर्यंत हा तपशील सुमारे पाव मीटरवर आला.

या आकड्यांचा रेल्वेच्या भाषेत अर्थ असा. ब्रॉड गेजच्या दोन रुळांतील अंतर 1,676 मिलिमीटर, मीटर गेजचे 1,000 मिलिमीटर. अडीच मीटरच्या पिक्सेलमध्ये दोन्ही बुडून जातात. मार्ग दिसतो, गेज कळत नाही. पाव मीटरच्या पिक्सेलमध्ये ब्रॉड गेजला सहा-सात ठिपके मिळतात आणि मीटर गेजला चार. तेवढ्याने दोहोंतील फरक ओळखण्याजोगा होतो.

जून 2005 मध्ये ‘गूगल अर्थ’ आले आणि उपग्रह-प्रतिमा घरच्या संगणकावर पोहोचल्या. ऑगस्ट 2009 मध्ये इस्रोने ‘भुवन’ हे भारतीय व्यासपीठ खुले केले. मार्ग बांधणाऱ्यांना आता पडद्यावर रुळांवरून बोट फिरवत शेकडो किलोमीटर जाता येऊ लागले.

वळणाचा हिशेब आणि उंचीचा चकवा

वरून घेतलेल्या प्रतिमेवरून वळण मोजणे सोपे आहे. वळणावरील दोन बिंदू सरळ रेषेने जोडायचे आणि त्या रेषेच्या मध्यापासून रूळ किती दूर आहे ते पाहायचे. रेषेच्या लांबीच्या वर्गाला या अंतराच्या आठपटीने भागले, की वळणाची त्रिज्या मिळते. रेषा 200 मीटर आणि मधले अंतर 5.7 मीटर असेल, तर त्रिज्या सुमारे 875 मीटर येते. रेल्वेच्या परिभाषेत ते दोन अंशांचे वळण होय. रुळांची देखभाल करणारे कर्मचारी दोरी ताणून हेच मोजत आले आहेत. उपग्रहाने फक्त दोरी लांब केली.

उंचीची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने 11 दिवसांत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या सुमारे 80 टक्के भूभागाची उंची मोजली. ही माहिती भारतासारख्या देशांसाठी आरंभी 90 मीटर अंतरावरील बिंदूंची होती. 2014 पासून टप्प्याटप्प्याने 30 मीटरची खुली झाली. आभासी मार्गांखालची जमीन बहुधा याच आकड्यांतून तयार होते. तथापि या मोहिमेने स्वतःसाठी ठरवलेली उंचीची अचूकता 16 मीटरच्या आतील होती. प्रत्यक्षात ती पुष्कळ ठिकाणी अधिक चांगली निघाली, तरी शंभरास एक चढाचा रूळ एका किलोमीटरमध्ये केवळ 10 मीटर चढतो हे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे लहान अंतरावर मोजमापातील संभाव्य चूक चढापेक्षाही मोठी ठरू शकते. 20 किलोमीटरमध्ये रूळ 200 मीटर चढत असेल, तर सरासरी चढ मात्र विश्वासाने काढता येतो. दूरचे खरे आणि जवळचे शंकास्पद, असा हा स्वभाव आहे.

रडारला दाट जंगलात झाडांचा माथा लागतो. काही मीटर रुंदीची खोदाई 30 मीटरच्या जाळीत हरवते. बोगदा तर दिसतच नाही. पुलाखालची दरी दिसते आणि पूल सुटतो. जम्मू-काश्मीरमधील चिनाब पूल नदीपात्रापासून 359 मीटर उंचीवर आहे. उंचीच्या आकड्यांवर डोळे मिटून रूळ टाकला, तर आभासी गाडी पुलावरून जाण्याऐवजी थेट दरीत उतरेल.

सर्वांत फसवी जागा म्हणजे सर्पिल मार्ग. दार्जिलिंग हिमालयीन रेल्वेवर 1919 साली बांधलेल्या बतासिया लूपमध्ये मार्ग चढाची तीव्रता कमी करण्यासाठी स्वतःभोवती फिरतो आणि स्वतःलाच ओलांडतो. वरून पाहणाऱ्याला दोन रूळ एकमेकांना छेदताना दिसतात. त्यांतला वरचा कोणता आणि खालचा कोणता, हे सांगायला उंची लागते आणि ती उंची उपग्रहाच्या जाळीत पुरेशा बारकाईने सापडत नाही. तिथे जुना छेदनकाशा, रुळालगतचा चढ दाखवणारा फलक किंवा त्या मार्गावर गाडी चालवलेला माणूस, यांपैकी कोणाला तरी विचारावेच लागते.

काळाची सरकपट्टी

आतापर्यंतच्या अडचणी जागेच्या होत्या. खरी कठीण अडचण काळाची आहे. कारण पुष्कळ मार्ग बांधणाऱ्यांना आजची गाडी नको असते. त्यांना 1950 ची किंवा 1980 ची गाडी हवी असते.

बोट मेलचेच पाहा. ती मद्रासहून निघून पांबन पूल ओलांडून धनुष्कोडीला जाई. तेथून प्रवासी आगबोटीने सिलोनमधील तलाईमन्नारला उतरत. 22 आणि 23 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केली. पांबनहून निघालेली 653 क्रमांकाची पॅसेंजर गाडी लाटांखाली गेली आणि तिच्यातील शंभराहून अधिक माणसे दगावली. पांबन पुलाचेही मोठे नुकसान झाले; ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली तो 46 दिवसांत दुरुस्त झाला. धनुष्कोडीचा मार्ग मात्र पुन्हा उभा राहिला नाही. रामेश्वरम ते धनुष्कोडी मार्गाची पायाभरणी 1 मार्च 2019 रोजी झाली, पण पूर्वीची गाडी रामेश्वरमहून नव्हे, तर पांबनहून फुटणाऱ्या मार्गाने धनुष्कोडीला जात असे. आजचा नकाशा पाहून बोट मेलचा मार्ग बांधणारा इथेच चुकेल.

असे मार्ग शोधण्याचे एक अनपेक्षित साधन शीतयुद्धाने मागे ठेवले. अमेरिकेच्या ‘कोरोना’ या हेरगिरी उपग्रहांनी 1960 ते 1972 या काळात फिल्मवर छायाचित्रे टिपली. फिल्मची डबी छत्रीने खाली सोडली जाई आणि विमान ती हवेतच झेलत असे. फेब्रुवारी 1995 मध्ये अशी 8 लाख 60 हजारांहून अधिक छायाचित्रे खुली करण्याचा आदेश निघाला. सुरुवातीच्या छायाचित्रांतील तपशील सुमारे 12 मीटरचा, तर शेवटच्या टप्प्यातील सुमारे 2 मीटरचा होता. हा काळ धनुष्कोडीच्या वादळाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. क्षेपणास्त्रांचे तळ शोधण्यासाठी घेतलेली छायाचित्रे आज पुरातत्त्व, नद्यांची बदललेली पात्रे आणि बंद पडलेले रेल्वेमार्ग शोधण्यास उपयोगी पडतात.

हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्याची रेल्वे याचे दुसरे उदाहरण. 762 मिलिमीटर गेजची ही पठाणकोट–जोगिंदरनगर गाडी सुमारे 164 किलोमीटरची. सत्तरच्या दशकात पोंग धरणाच्या जलाशयामुळे जवांवाला शहर ते गुलेर हा तिचा भाग उखडून नव्या वाटेने न्यावा लागला. जुनी वाट पाण्यात गेली. 2000 सालच्या रडारला तिथे पाण्याचा सपाट पृष्ठभागच लागला. पाण्याखालची जमीन त्याच्या आकड्यांत नाही. धरणापूर्वीची गाडी चालवायची असेल, तर धरणापूर्वीचे नकाशे आणि छायाचित्रे शोधून जमीन पुन्हा रचावी लागते.

फेब्रुवारी 2009 मध्ये ‘गूगल अर्थ’च्या पाचव्या आवृत्तीत जुन्या प्रतिमा पाहण्याची सरकपट्टी आली. ती मागे सरकवली, की आज चौपदरी रस्ता दिसतो तिथे पूर्वीचा भराव दिसू शकतो. पण ही सोय प्रतिमा जेवढ्या जुन्या आहेत तेवढ्यापुरतीच. मीटर गेज मोठ्या प्रमाणावर बदलण्याचा ‘युनिगेज’ कार्यक्रम 1992 साली सुरू झाला. चांगला तपशील असलेल्या प्रतिमा लोकांच्या हाती येईपर्यंत कित्येक मार्गांवरचे मीटर गेज गेलेले होते.

जुन्या नकाशावर नवी प्रतिमा ठेवतानाही सावध राहावे लागते. जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या प्रतिमानावर, आजचे उपग्रह डब्ल्यूजीएस-84 या जागतिक प्रतिमानावर. दोहोंची गणिती जुळवणी न केल्यास एकच बिंदू काही ठिकाणी शंभर मीटरहून अधिक सरकतो. रूळ नदीच्या पुलाऐवजी शेजारच्या पात्रात पडतो आणि चूक नकाशाची समजली जाते. वस्तुतः दोन्ही नकाशे बरोबर असतात. त्यांची पृथ्वी वेगळी असते.

जे उपग्रहाला दिसत नाही

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांना जोडणाऱ्या अकोला–खंडवा मीटर गेजवर, मेळघाटच्या जंगलात, धुळघाटचा सर्पिल मार्ग होता. गाडी डोंगर उतरताना स्वतःच्याच मार्गाखालून जाई. गेज रूपांतरासाठी तो मार्ग बंद झाला आणि व्याघ्र प्रकल्पातून मोठी रेल्वे नेऊ नये, ती वळसा घालून न्यावी, अशी मागणी पुढे आली. जंगलाच्या दृष्टीने ते योग्यच. पण जिथे गाडी जात नाही, तिथे झाडोरा परत येतो आणि वरून पाहणाऱ्या डोळ्याला दरवर्षी थोडे कमी दिसते. अशा वेळी उपग्रहाची सर्वांत अचूक प्रतिमाही ‘इथे जंगल आहे’ एवढेच प्रामाणिकपणे सांगते. तिचे काम आज काय आहे ते सांगण्याचे आहे.

काल काय होते, ते अन्यत्र ठेवलेले असते: विभागीय कार्यालयातील पिवळ्या पडलेल्या छेदनकाशात, जुन्या वेळापत्रकात, स्थानकावरील फलकाच्या छायाचित्रात, कुठे रेग्युलेटर ओढायचा आणि कुठे ब्रेक लावायचा हे ठाऊक असलेल्या निवृत्त चालकाच्या बोलण्यात. मीटर गेजवर तरुणपणी वाफेचे इंजिन चालवलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. कागदाला ओल लागते, कार्यालये स्थलांतरित होतात, रद्दी विकली जाते. उपग्रह पुढल्या वर्षीही त्याच जागेवरून जाईल. हा कागद आणि ही माणसे पुढल्या वर्षी भेटतीलच असे नाही.

म्हणून या छंदाकडे केवळ खेळ म्हणून पाहणे अपुरे आहे. चांगला आभासी मार्ग बांधणारा नकळत एक संग्रह तयार करत असतो. बंद मार्गांची नोंद ठेवण्यासाठी ‘ओपनस्ट्रीटमॅप’सारख्या लोकनकाशात ‘परित्यक्त’ आणि ‘उखडलेला’ अशा स्वतंत्र खुणा आहेत. एखाद्या महाविद्यालयातील भूगोलाच्या वर्गाला आपल्या परिसरातील एका बंद मार्गाचा माग काढणे सहज शक्य आहे. कोणत्या प्रतिमेवरून कोणता बिंदू घेतला, तिची तारीख कोणती, उंची कुठून आली, सांगणारे कोण होते, एवढे चार स्तंभ भरले तरी तो इतिहासाचा दस्तऐवज होतो. तारीख नसलेला नकाशा कितीही सुंदर असला, तरी इतिहासकाराच्या उपयोगी पडत नाही.

लॅम्ब्टन यांच्या साखळीपासून पाव मीटरच्या पिक्सेलपर्यंत मोजणीची साधने अचूक होत गेली, आणि ती यापुढेही होत राहतील. धनुष्कोडीला जाणारी गाडी पडद्यावर पुन्हा धावेल, तेव्हा तिच्याखालची जमीन उपग्रहाने दिलेली असेल. ती पांबनहून कुठे वळत होती, हे मात्र कोणीतरी वेळेवर विचारून लिहून ठेवलेले असायला हवे.

#विज्ञानवार्ता #रेल्वेचा_इतिहास #दूरसंवेदन #नकाशाशास्त्र